लिंबाखालची माती

नांदेड,
३० नोव्हेंबर १९८२

ती. अक्कास विरूपाक्षाचा शिरसाष्टांग नमस्कार.

भाऊबीजेला तोंड दाखवलं नाही आणि आता कागद पाठवतोय, म्हणून तू आधी चिडशील. कारण सांगतो, हसू नकोस. दाजींना हसू दे, ते एरवी कधी हसतात?

मी विष्णुपुरीला धरणाच्या कामावर एक पाटी लिहायला गेलो होतो. शिडीवर उभा राहून ‘सावधान’ लिहीत होतो. ‘धा’ मनासारखा उतरला, म्हणून नीट बघायला सवयीनं चार पावलं मागं सरलो. पहिलंच पाऊल हवेत पडलं. उजवा पाय दोन जागी मोडलाय. मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर आहे आणि फाल्गुनापर्यंत काठी सुटायची नाही, असं डॉक्टर म्हणतात.

आता चांगली बातमी. लातूर जिल्हा झाल्यापासून मी औसा, निलंगा, अहमदपूर अशा फेऱ्या मारून पाट्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ खरडतोय आणि ‘जि. लातूर’ लिहितोय. उदगीरकडं यायचं तेवढं राहून गेलं. शंभरएक पाट्या झाल्या असतील. त्यात एका कचेरीतल्या साहेबांनी माझ्या पिशवीतली निसर्गचित्रं पाहिली आणि नव्या सभागृहासाठी मोठं चित्र सांगितलं, आठ फूट बाय पाच. विषय आपल्या जिल्ह्यातलं रान. अक्का, पंधरा वर्षं मी दुसऱ्यांची नावं रंगवली. सरपंचांची, वकिलांची, पिठाच्या गिरण्यांची. ह्या चित्रावर माझं नाव येणार आहे.

मी तुमचं रान काढायचं ठरवलंय. जागेवर बसल्याशिवाय ब्रश उचलायचा नाही, हा माझा नेम तुला ठाऊक आहे. पण ह्या पायानं एस.टी.ची पायरी चढवत नाही. तेव्हा तू माझे डोळे हो. यंदा रान कसं दिसतं, कुठला रंग कुठं आहे, ते लिही. लहानपणी चुन्यात गेरू कालवून रंग तूच करायचीस, मी नुसता फासायचो. आणि रानातली पायलीभर माती पाठव. ती तेलात खलून जमिनीचा रंग करीन म्हणतो.

दाजींना नमस्कार.

तुझा,
विरू

•

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

बेलथडी, ता. उदगीर, जि. लातूर
२८ डिसेंबर १९८२

चि. विरूस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. पाकिटावर जिल्हा उस्मानाबाद लिहिलास. ते तिकडं फिरून, चार शिक्के खाऊन इकडं आलं. साऱ्या मुलखाच्या पाट्या बदलल्यास आणि बहिणीचा जिल्हा तेवढा जुनाच ठेवलास. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पायाला जप. रात्री उशी घेऊन उंच ठेव. मलाही मध्यंतरी बरं नव्हतं, आता उठून कामाला लागले आहे. काळजीचं काही नाही.

रानाचं विचारलंस. पाऊस यंदा नावाला झाला. ज्वारी गुडघ्याएवढी आली आणि उभ्या जागी वाळली, तिचा रंग जुन्या केरसुणीचा. जमीन काळी म्हणायची ती सवयीनं. उन्हात बघितली तर तव्यावर करपलेल्या भाकरीसारखी आहे, मधे काळी आणि कडेला राखाडी. भेगांत मात्र खरं काळं दिसतं. विहिरीच्या तळाला तांब्याभर पाणी आहे आणि त्यात आभाळ दिसतं. बांधावरचा लिंब तेवढा हिरवा होता, त्याचाही पाला दाजी रोज शेळीला काढतात. त्यामुळं आता रानात हिरवं म्हणायला शेजारच्या केवळाबाईचं लुगडं उरलं. ती कडेनं चालली की डोळ्यांना बरं वाटतं.

एक सांगते, तेवढं ध्यानात ठेव. लिंबाखाली उगवतीच्या अंगाला मातीचा लहानसा उंचवटा आहे. तो चित्रात घे. बाकीचं रान तुला हवं तसं कर, झाडं हलव, विहीर हलव, मी काही म्हणणार नाही. तो तेवढा राहू दे.

किशनराव कंडक्टर नांदेडच्या गाडीवर असतात. त्यांच्याजवळ माती दिली आहे. पिशवी जपून उघड.

तुझी,
अक्का

•

नांदेड,
१६ जानेवारी १९८३

ती. अक्कास नमस्कार.

तुझ्या पत्रावरूनच मी अर्धं चित्र मांडलं. करपलेली भाकरी दोन दिवस सापडेना. शेवटी खानावळीतून खरीच करपलेली भाकरी आणून समोर ठेवली. खानावळवाला म्हणतो, पेंटरसाहेब, ह्याचे पैसे नका देऊ, आम्हाला लाज वाटते.

माती किशनरावांनी खोलीवर आणून दिली. पाण्यात कालवून फडक्यानं गाळली, निवळू दिली, सावलीत वाळवली आणि आता जवसाच्या तेलात रोज थोडी खलतो. हाताला काम मिळालं की पाय ठणकायचा विसरतो. पण अक्का, माझी नजर कशी आहे बघ. तुमच्या रानात वर सगळी काळी आणि ह्या मातीत तांबूस मुरूम आहे. असा मुरूम तुमच्याकडं दोन-अडीच हात खाली लागतो. म्हणजे तुम्ही नवी विहीर खणताय आणि मला सांगत नाही. पाणी लागल्यावर एकदम पेढेच पाठवायचे, असा बेत दिसतो. बरोबर ओळखलं की नाही?

तो रंग फार सुंदर झालाय. नुसत्या काळ्यानं जमीन मेल्यासारखी दिसायची. मुरमाच्या त्या तांबूस छटेनं तिच्यात ऊब आली.

साहेब मात्र अडून बसलेत. कच्चं चित्र बघून म्हणाले, “दुष्काळ भिंतीवर कशाला हवा? खिडकी उघडली की दिसतोच.” त्यांना हिरवंगार पाहिजे. मला यंदाचं रान यंदासारखंच काढायचंय. चार वर्षांनी कुणी विचारलं, की जिल्हा झाला त्या साली मुलूख कसा होता, तर चित्रानं खोटं बोलू नये. बघू, कोण वाकतं ते.

तो उंचवटा म्हणजे काय आहे? उकिरडा तिकडं हलवलात काय? की बांधाची माती ढासळली? कळलं तर नीट काढता येईल.

तुझा,
विरू

•

बेलथडी,
४ फेब्रुवारी १९८३

चि. विरूस आशीर्वाद.

विहीर नाही. उकिरडा नाही. माती आहे. तू नुसती माती काढ.

दाजी रोजगार हमीवर खडी फोडायला जातात, मीही जाते. संध्याकाळी येताना रानाकडून येते. वाट लांब पडते, पण येते. शेळी विकली. लिंबाला पाला नाही, त्यामुळं त्या जागेवर दुपारी ऊन येतं. सावली काढलीस तरी चालेल.

साहेबाशी भांडू नकोस. मोठी माणसं आहेत, त्यांचं थोडं ऐक. पण मी सांगितलंय ते विसरू नकोस.

अक्का

•

नांदेड,
२८ मार्च १९८३

ती. अक्कास नमस्कार.

चित्र झालं! परवा टेम्पोत घालून लातूरला पोचवलं, मीही काठी टेकत पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो. भिंतीवर चढलं तेव्हा मी खरोखर चार पावलं मागं सरून पाहिलं. ह्या वेळी खाली फरशी होती.

साहेबांशी तासभर घासाघीस झाली. मी म्हणालो, पुढची जमीन आणि वाळलेली ज्वारी मी बदलणार नाही. ते म्हणाले, मग मधे तरी हिरवं घाला. घातलं, विहिरीभोवती एक पट्टा. मग त्यांनी तुझ्या उंचवट्यावर बोट ठेवलं. “हा ढीग काढा. नव्या जिल्ह्यात साफसफाई नाही असं वाटतं.” मी विचार केला, एवढ्यावर माझी सगळी जमीन वाचत असेल तर स्वस्तात सौदा झाला. त्यांच्यासमोरच तो पुसला आणि सपाट केला. रागावू नकोस अक्का. चित्र करताना काहीतरी सोडावं लागतं, तेव्हाच बाकीचं राहतं. आणि खरं सांगू, तो गेल्यावर कोपरा मोकळा आणि छान झाला. तिथंच माझं नाव घातलं. ‘विरूपाक्ष’, बास, पुढं आडनावही नाही.

एक मेला सभागृह उघडणार आहे. दाजींना घेऊन ये. माझा पाय पुन्हा सुजलाय, डॉक्टर तोवर प्रवास करू देणार नाहीत, पण तू बघ आणि कसं वाटलं ते लिही. आपल्या घराण्यात पहिल्यांदा कुणाचं नाव भिंतीवर लागलंय, आणि तेही मेल्यावर नव्हे.

तुझा,
विरू

•

बेलथडी,
१० मे १९८३

चि. विरूपाक्ष यास संगप्पाचा आशीर्वाद.

मला पत्राची सवय नाही. आजवर तुझ्या अक्कानंच लिहिलं. हे तिला न सांगता लिहितो आहे.

एक तारखेला आम्ही लातूरला गेलो. गर्दी ओसरल्यावर शिपायानं आत सोडलं. चित्र फार मोठं आहे. आपली विहीर मी ओळखली. ती मात्र सरळ खालच्या कोपऱ्याकडं गेली आणि उभी राहिली. बराच वेळ उभी होती. मग मला म्हणाली, “हितं विरूचं नाव हाय.” एवढंच. एस.टी.त बोलली नाही, घरी येऊन बोलली नाही. आज नववा दिवस आहे. कामाला जाते, भाकरी करते, पण बोलत नाही. म्हणून लिहिणं भाग पडलं.

मार्गशीर्षात तिला मुलगा झाला होता. तुला ठाऊक आहे, आधी दोनदा पोट राहून गेलं. म्हणून ह्या खेपेला तिनं कुणालाच सांगू दिलं नाही, तुलाही नाही. सातव्या महिन्यातच मोकळी झाली. पोर हातात मावत नव्हतं. तिसऱ्या दिवशी गुरुपादप्पा स्वामींनी येऊन त्याच्या गळ्यात इष्टलिंग बांधलं. सहाव्या दिवशी गेला. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही.

आपल्या लिंगायतांत जाळत नाहीत, माती देतात, ते तुला सांगायला नको. लिंबाखाली मी खड्डा केला. विहीर खणली नाही, विरूपाक्ष. तेवढाच खड्डा खणला.

ती म्हणाली होती, त्याचा पाय मोडलाय, अंगावर मोठं काम आहे, त्याला आत्ता सांगू नका. मी शब्द दिला होता. तो आज मोडला. तुझी चूक आहे असं मी म्हणत नाही. पण तिला दोन ओळी लिही.

संगप्पा

•

नांदेड,
१४ मे १९८३

अक्का,

काय लिहू? दाजींचं पत्र तीनदा वाचलं आणि रडलो. खानावळवाला डबा घेऊन आला होता, तो डबा ठेवून दाराबाहेरच थांबला.

मी पाकिटावर जिल्हा बरोबर लिहिला असता तर पत्र चार दिवसांत पोचलं असतं. तू उत्तर लिहिलं असतंस. कदाचित एखादा शब्द जास्त लिहिला असतास आणि मी गाडी करून आलो असतो. तुला उदगीरला नेलं असतं. इतक्या पाट्या लिहिल्या आणि जिथं लिहायचं तिथं चुकलो. नंतर तू माती पाठवलीस तर मी विहिरीचे पेढे मागितले. मुरूम खालचा आहे एवढं मला दिसलं, आणि त्याची ऐट मी तुलाच दाखवली. तो वर का आला, हे काही दिसलं नाही.

तू माझ्याकडं जन्मात एक गोष्ट मागितलीस. ती मी साहेबाच्या बोटासरशी पुसली आणि वर माझं नाव लिहिलं.

मी लातूरला जाणार आहे. वॉर्निश राहिलंय म्हणून सांगेन आणि तो उंचवटा परत काढीन. तुझी माती थोडी उरली आहे, वाटीत झाकून ठेवली आहे. पण मी तो पाहिलेला नाही. पहिल्यांदा नुसता अंदाजानं काढला होता, आता अंदाजानं काढवत नाही. अक्का, केवढा होता? रागावली असलीस तरी एवढं लिही.

विरू

•

॥ श्री वीरभद्र प्रसन्न ॥

बेलथडी,
२ जून १९८३

चि. विरूस अनेक आशीर्वाद.

सुपाएवढा.

सुपातच ठेवून नेला होता त्याला. दाजींनी पुढं कुदळ घेतली आणि मी मागून सूप घेऊन गेले. बाळंतिणीनं जायचं नसतं, पण मी गेले. कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून दाजी खणतच राहिले, मुरूम लागला तरी थांबेनात. शेवटी मीच म्हणाले, पुरे करा. लिंग त्याच्या तळहातात ठेवलं. मूठ मिटेना, म्हणून मी मिटली.

पत्त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. पत्र वेळेवर आलं असतं तरी मी तुला लिहिलं नसतं. मला मी ओळखते. आणि मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. तुझ्यावर रागावले, मग स्वतःवर. मी सांगितलंच नाही तर तुला कळणार कसं? मला वाटलं, तू माझा विरू आहेस, न सांगता कळेल. लहानपणी कळायचं.

माती तिथलीच का पाठवली तेही सांगते. एक तर बाकीचं रान कुदळीला दाद देत नव्हतं. आणि दुसरं म्हणजे, त्याचं जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढायचं, असं मी महिनोन्‌महिने मनात घोकलं होतं. ते राहिलं. त्याचं काहीतरी मामाच्या हातातून जावं असं वाटलं. तू लिहिलंस ना, रोज थोडी खलतो म्हणून. ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचायची.

आणखी एक गोष्ट आहे, ती दाजींनाही सांगितली नाही. मृगाची वेळ झाली. गाव सगळं आभाळाकडं बघतंय. परवा मारोतीच्या देवळात पाण्यासाठी नारळ फोडला, मीही हात जोडले. पण माझं मागणं उलटं होतं. एक पाऊस झाला की ती जागा बसेल, दुसऱ्याला सपाट होईल. लोकांच्या चुली विझल्या तरी चालतील पण पाऊस नको, असं मागणारी बाई मी झाले. पाप लागेल म्हणून जीभ चावली. लागलं तर लागू दे.

काढायचा असेल तर काढ. पण शिडी धरायला कुणाला तरी घे.

अक्का

•

लातूर,
१३ जून १९८३

ती. अक्कास नमस्कार.

हे पत्र लातुरातूनच लिहितो आहे. बाहेर आभाळ भरून आलंय, म्हणून घाई करतो.

सकाळी सभागृहात गेलो. दगडोबा म्हणून शिपाई आहेत, त्यांनी शिडी धरली. आधी टर्पेंटाइनच्या बोळ्यानं माझं नाव पुसलं. वाटलं होतं जड जाईल. गेलं नाही. मग खाणाखुणा करून माप घेतलं. बाजारातून एक सूप विकत आणलं होतं, ते हातभर अंतरावर धरून चित्रातल्या लिंबाच्या हिशेबानं लहान केलं. दगडोबांना मी खुळा वाटलो असेन. वाटीतली सगळी माती वापरली. वरचा थर काळा ठेवला आणि खालून मुरूम डोकावू दिला, जसा ताजा असताना असेल तसा. सावली घातली नाही, ऊन घातलं.

हात लावत होतो तेव्हा ध्यानात आलं, की पुढची सगळी जमीन त्याच मातीची झाली आहे. साहेबांशी भांडून जी वाचवली ती. मी पुसला तेव्हाही तो तिथं होता. मला माहीत नव्हतं, एवढंच.

काम संपेस्तोवर शिडीवर मागं सरलो नाही. उतरलो, मग चार पावलं मागं गेलो. तेवढ्यात साहेब आले.

“हा ढीग परत कशाला?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, “तिथं माझा भाचा आहे, साहेब.”

ते चित्राजवळ गेले. मग विचारलं, “नाव काय होतं?”

“ठेवायचं राहिलं.”

त्यांची नजर कोपऱ्यात फिरली. आधी तिथं माझं नाव होतं, ते त्यांना आठवत असणार. दगडोबांना म्हणाले, ओलं आहे तोवर कुणाला हात लावू देऊ नका, आणि गेले.

नाव परत घालणार नाही, अक्का. आम्ही दोघंही बिननावाचे राहू. सूप तुझ्यासाठी आणतो आहे. पाय आता गाडीची पायरी चढतो. पेरणी झाली की येतो.

तुझा,
विरू

•

(पोस्टकार्ड)

बेलथडी, ता. उदगीर, जि. लातूर
२२ जून १९८३

चि. विरूस आशीर्वाद.

इकडं तीन दिवस लागून पाऊस झाला. गाव खुशीत आहे. दाजींनी तिफण धरली. लिंबापाशी येऊन थांबले आणि माझ्याकडं बघत राहिले. मी म्हणाले, सरळ जाऊ द्या. तिथंही ज्वारी पेरली.

आता जागा ओळखू येत नाही. सोमवारी उदगीरहून सकाळची गाडी आहे. लातूरला जाऊन बघून येते.

अक्का